मोकळं खाचर

नकाशात कोरी जागा ठेवायची नाही, हे मी चोवीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडत आलो. समुद्र असेल तर निळ्या रेघा मारा, वाळवंट असेल तर टिंबं द्या, माहीतच नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा. पण कोरं सोडलंत की अर्धा गुण गेला. पोरं मला पाठीमागं ‘अर्धा गुण’ म्हणायची. म्हणू देत. शिस्त लावणाऱ्या मास्तराला पोरांनी काय ओवाळायचं असतं?

माझं नाव खंडेराव सावळीराम पिंगळे. पूर्ण नाव मुद्दाम लिहितोय. पंचवटीतल्या एका शाळेत मी भूगोल शिकवायचो. घर मखमलाबाद रस्त्याला, मळ्यात. वडील लवकर गेले, मळा आईनं सांभाळला. पुढं गुलाब, मागं शेवंती, बांधाला मेथी-कोथिंबीर. आईचं नाव भागुबाई. तिचं माहेर घोटीकडचं, भाताच्या मुलखातलं. लग्न होऊन इथं आली आणि गुलाबाच्या काट्यांना हात सरावले. पण आषाढ लागला की तिचा जीव तिकडं धावायचा. “आवणी सुरू झाली असंल रे,” म्हणायची आणि हातातली गुलाबाची जुडी तशीच धरून बसायची. भाताची रोपं उपटून चिखलाच्या खाचरात पुन्हा लावायची, त्याला तिकडं आवणी म्हणतात.

मी पक्का हिशेबी डोक्याचा माणूस. मांजर आडवं गेलं की मुद्दाम चार पावलं जास्त टाकणारा. म्हणून पुढचं सांगताना माझी मलाच लाज वाटते. पण घडलं ते घडलं.

माझ्या पाठीवर तेरा वर्षांनी प्रफुल्ल झाला. माझं नाव आजोबांचं, त्याचं मामीनं हौसेनं ठेवलेलं. अभ्यासात यथातथा, पण हात असा की नुसती पेन्सिल टेकवली तरी कागदावर झाड उभं राहायचं. १९८० सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि हा बारा वर्षांचा. दुपारी ओसरीवर लोळत पडला होता. मला म्हणाला, “दादा, आपण एक खोटं बेट काढू या का?”

“काढू. पण बेट खोटं असलं तरी भूगोल खरा पाहिजे,” मी म्हटलं.

महिनाभर आम्ही तेच केलं. भूगोल माझा, माणसं त्याची. मी सांगितलं, वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेला उभे कडे आणि मधे डोंगर. डोंगरावर पाऊस कोसळतो, ओढे पूर्वेच्या सपाट अंगाला उतरतात, म्हणून भाताची खाचरं तिकडं, पायरीपायरीनं समुद्रापर्यंत. तो म्हणाला, मग ओली जमीन घरांसाठी वाया कोण घालवेल? घरं वरच्या खडकावर, लाकडी खांबांवर बांधायची. पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्या ओढून आणून उलट्या टाकायच्या आणि त्यांच्याखाली गुरं बांधायची. बेटावर मीठ धरत नाही, लोखंड निघत नाही. ते बाहेरून आणावं लागतं. म्हणून घरटी एक माणूस कायम बाहेर गेलेलं असतं. असं सगळं. त्यानं नाव ठेवलं आवणबेट. आई ओसरीवर जुड्या बांधता बांधता ऐकायची आणि मधेच म्हणायची, “रोपं इतकी दाट नको लावू रे, वारं खेळाया पायजे.” की हा खोडून पुन्हा काढायचा.

शेवटच्या दिवशी त्यानं दक्षिण टोकाच्या गावात शेवटचं घर काढलं. ते आमचंच होतं. तशीच ओसरी, तसाच दारातला शेवगा. घराखालच्या खाचरांत भाताच्या खुणा भरत आला आणि एक खाचर राहिलं असताना आईनं जेवायला हाक मारली. उठला तो उठलाच. दुसऱ्या दिवशी शाळा सुरू झाली. मी कागद गुंडाळून ट्रंकेत टाकला.

आता न सांगण्यासारखं सांगतो. जून १९९१. प्रफुल्ल तेवीस वर्षांचा, नोकरी ना धंदा. मी दहा जणांचे पाय धरून त्याच्यासाठी चित्रकला शिक्षकाची मुलाखत ठरवली. हा तिकडं गेलाच नाही. गाडगे महाराज पुलाखाली बसून दिवसभर नदी काढत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फूलबाजारात, आई टोपली उतरवत असताना, चार ओळखीच्या माणसांदेखत मी त्याच्या थोबाडीत मारली. म्हणालो, “यापुढं या घरात तुला जागा नाही.”

त्यानं गालावर हातसुद्धा ठेवला नाही. “बरं, दादा,” एवढंच म्हणाला. आईच्या डोक्यावरची चुंबळ पडली होती ती उचलून तिच्या हातात दिली आणि गर्दीतून निघून गेला. तो परत आला नाही.

पोलिसांत कळवलं, पेपरात फोटो दिला, मुंबईला दोनदा जाऊन गोदीत विचारून आलो, कारण लहानपणी तो ‘जहाजावर जाईन’ म्हणायचा. काही हाती लागलं नाही. आईनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, तेच फार वाईट. फक्त जेवायच्या वेळी ती चौथं ताट मांडायला लागली. पालथं. आई, माझी बायको प्रतिभा, मी, आणि एक पालथं ताट. “आला की सुलटं करीन,” म्हणायची. प्रतिभा पोस्टात नोकरीला, व्यवहारी बाई. पण तिनंही ते ताट कधी हलवलं नाही.

१९९३ च्या पावसाळ्यात पहिल्या घटक चाचणीसाठी मला नकाशावाचनाचा प्रश्न काढायचा होता. भारताचा नकाशा पुढं ठेवला की पोरं पाठ केलेलं ओकतात, वाचत काहीच नाहीत. म्हणून ट्रंकेतलं आवणबेट काढलं. रोट्रिंगच्या पेनानं जसंच्या तसं गिरवलं. ते एक खाचर कोरं होतं, तेही कोरंच ठेवलं. का ठेवलं? त्याच्या हातचं होतं म्हणून. दुसरं कारण नाही.

प्रश्न साधा होता: दक्षिण टोकावरील गावाचे वर्णन करा, गुण चार. बेचाळीस पेपर. त्यातल्या अकरा पोरांनी लिहिलं होतं की शेवटच्या घराचं एक खाचर मोकळं सोडलं आहे, कारण त्या घरातलं माणूस बाहेर गेलं आहे आणि अजून आलेलं नाही.

मला वाटलं, कॉपी. पण अकरा जण तीन वेगळ्या खोल्यांत बसलेले. वर्गातल्या हुशार मुलीला, मंजुषाला, मी बोलावून घेतलं.

“हे कुठं लिहिलंय नकाशात?”

“दिसतंच की, सर. बाकी सगळीकडं खूण आहे, एकाच ठिकाणी नाही. म्हणजे विसरलेले नाहीत. ठेवलंय.”

“आणि माणूस बाहेर गेल्याचं?”

तिनं त्या कोऱ्या खाचरावर बोट ठेवलं. “मग कोणासाठी ठेवतील, सर?”

मी तिला चारपैकी साडेतीन दिले आणि घरी गेलो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढच्या वर्षी तोच नकाशा, नवी पोरं. मखमलाबादच्या चंदर नावाच्या मुलानं, ज्यानं जन्मात भाताचं रोप पाहिलं नव्हतं, सात ओळी लिहिल्या. त्या मला पाठ आहेत. ‘बाहेर गेलेला माणूस परत आला की मोकळ्या खाचरात पहिली मूठ त्याने लावायची. तोपर्यंत ते कोणी लावायचे नाही. दुसऱ्या कोणी लावले तर त्या माणसाची जागा भरली असे समजतात. मग तो आला तरी त्याला कोणी ओळखत नाही. हा या बेटाचा रिवाज आहे.’

“कोणी सांगितलं तुला?” मी विचारलं.

“कोणी नाय सर. सुचलं.”

१९९५ पर्यंत बहुतेक पोरं हेच लिहायला लागली. मी मनाची समजूत घातली: जुने पेपर फिरतात, मोठी भावंडं धाकट्यांना सांगतात, त्यात नवल काय. मूळ नकाशा मी फ्रेम करून शिक्षकांच्या खोलीत लावला होता. आषाढात त्या एका खाचरापाशी कागद फुगायचा. भिंतीला ओल असेल म्हणून समोरच्या कोरड्या भिंतीवर हलवला. तिथंही तेवढाच, बोटभर जागेत, फुगला. आमची शिपाईबाई सखुबाई पेठ तालुक्यातली, तीही भाताच्या मुलखातली. झाडताना थांबून म्हणाली, “सर, हितं आवणीचा वास येतो.” मी तिला सांगितलं, जुन्या कागदाला वास येतोच. ती म्हणाली, “कागदाचा नाय. चिखलाचा.” आणि पुन्हा झाडायला लागली. मी फ्रेमजवळ गेलो आणि खरं सांगायचं तर मलाही आला.

१९९६ साली घरी टेलिफोन बसला. त्याच वर्षी आषाढात, भर दुपारी, तो वाजला. आईनं उचलला. पलीकडून कोणी बोलेना. आईनं मला खुणेनं बोलावलं आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला. छप, छप, छप. गुडघाभर चिखलातून कोणी मागं मागं सरकत चालावं तसा आवाज. दोन-तीन मिनिटं तोच आवाज, मग फोन बंद.

“पावसात लाइन खरखरते, आई,” मी म्हटलं.

“अरे जा! मला शिकवतो का? आवणी करतंय कोणीतरी. मागं मागं जात लावतात रोपं, पुढं नाय जात.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. असं तोंड मी तिचं पाच वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग दर वर्षी एकदाच, आषाढात, दुपारी. आई त्या फोनची वाट बघायला लागली. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून बोलायची: “जेवलास का? कमरेत वाकून वाकून भरतं रे, मधी मधी सरळ हो. दादाचा राग धरू नको, तो तसलाच आहे. तुझी जागा ठेवलीय हां.” मी दाराशी उभा राहून ऐकायचो. नावं ठेवायला तोंड नव्हतं. मला मनातून एकच हवं होतं, की तो यावा आणि आईनं ते ताट सुलटं करावं. मी माफी कशी मागायची ते नंतर बघू.

इतकं असूनही जे केलं ते मीच केलं. दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

२००१ च्या सुरुवातीला नाशकातल्या एका प्रकाशकानं मला नकाशावाचनाचं सरावाचं पुस्तक लिहायला सांगितलं. जिल्हाभर जाणार, कळवणपासून मालेगावपर्यंत. मुखपृष्ठावर माझं नाव. मी हरखून गेलो. पहिलाच नकाशा आवणबेटाचा. कॉम्प्युटरवर पानं लावणारी मुलगी, अंजली, मला म्हणाली, “सर, इथं एक खूण राहिलीय का? पांढरं दिसतंय.”

“ते तसंच आहे,” मी म्हटलं.

“पण पान चौदावर तुम्हीच लिहिलंय, नकाशात जागा कोरी सोडू नये.” ती सहज हसली. “लोक म्हणतील, सरांचाच अर्धा गुण गेला.”

तिची काहीच चूक नाही. पण ते हसणं मला झोंबलं. मनात म्हटलं, अरे खंड्या, तू भूगोलाचा मास्तर ना? चौदा वर्षांच्या पोरांनी रचलेल्या रिवाजाला भितोस? जगाला शहाणपण शिकवतोस आणि स्वतः एका चौकोनाला हात लावायला कचरतोस? मी खिशातून रोट्रिंग काढलं आणि उभ्या उभ्या छपाईच्या प्रतीवरल्या त्या खाचरात भाताच्या सात खुणा केल्या. सुबक, सारख्या अंतरावर, वारं खेळेल अशा. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

जूनमध्ये पुस्तक आलं. आषाढात, भर दुपारी, फोन वाजला. रविवार होता, मी घरीच होतो. आईनं जुडी खाली ठेवली, पदराला हात पुसले, रिसीव्हर उचलला. थोडा वेळ ऐकलं.

“राँग नंबर हाय बाबा,” म्हणाली आणि ठेवून दिला.

मी उडालोच. “आई! अगं, प्रफुल्लचा फोन होता तो!”

“कोण प्रफुल्ल?”

तिनं थट्टा केली असेल असं मला वाटलं. मी तिच्यापुढं बसलो. “प्रफुल्ल, आई. आपला. धाकटा.”

“तुझ्या पाठीवर मला कुठं काय झालं?” ती माझ्याकडं काळजीनं बघत होती. “बरं नाय का तुला? ऊन लागलं का?”

त्या दुपारी तिनं तीनच ताटं मांडली. चौथं शेल्फावर इतर भांड्यांत होतं, सुलटं.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तासभर प्रश्न विचारले. आईला सगळं आठवत होतं. माझ्या मुंजीच्या वयातला गोवर, बाबांचं शेवटचं दुखणं, मळ्यातल्या पहिल्या गुलाबाची जात. “तुमच्यापेक्षा चांगली स्मरणशक्ती आहे,” डॉक्टर म्हणाले. प्रतिभाला आठवत होता; मी रोज विचारायचो आणि ती रोज हो म्हणायची. दिवाळीत मात्र पणत्या लावता लावता म्हणाली, “तुम्हाला एखादा भाऊ असता तर बरं झालं असतं, आईंच्या मदतीला.” सहज म्हणाली. मी हातातली काडी बोट भाजेपर्यंत धरून उभा राहिलो.

मी प्रफुल्लच्या जुन्या शाळेत गेलो. जनरल रजिस्टर काढायला लावलं. १९७४ साल, इयत्ता पहिली. मला वाटलं, त्याचं नाव खोडलेलं असेल, निदान एक ओळ रिकामी असेल. काही नव्हतं. अनुक्रमांक ओळीनं लागलेले, शाई एकच, अक्षर एकच. कुठं बोट ठेवायलासुद्धा कोरी जागा नव्हती.

फूलबाजारात फकिरा नावाचा हमाल होता. थोबाडीत मारली तेव्हा तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला विचारलं. म्हणाला, “मारली व्हती का सर तुमी कोणाला? तुमी? छे.”

काय सांगू! माझ्या हातून घडलेलं सगळ्यात वाईट कृत्य जगातून पुसलं गेलं होतं, आणि माझ्याइतका दुःखी माणूस पंचवटीत नव्हता.

२००२ च्या पावसाळ्यात मी मूळ नकाशा फ्रेममधून काढला. त्यातलं खाचर कोरंच असणार, मी पुस्तकाच्या प्रतीवर खुणा केल्या होत्या, असं मला वाटत होतं. पण मूळ कागदावरही सात खुणा होत्या, माझ्याच हातच्या. ब्लेडनं खरवडल्या. कागद पातळ होईपर्यंत खरवडल्या. तो नकाशा चाचणीला दिला. पेपर गोळा केले तर एकूणएक पोरानं त्या खाचरात पेन्सिलीनं भाताच्या खुणा भरून दिल्या होत्या. कोरं दिसलं, भरलं. मीच शिकवलेलं. एका मुलीनं तर समासात लिहिलं होतं, ‘सर, तुमचे राहिले होते, मी पूर्ण केले.’

त्याच आठवड्यात फोन वाजला. आईच्या आधी मी धावलो. छप, छप, छप.

“प्रफुल्ल,” मी म्हटलं, “मी दादा.”

आवाज थांबला. पाणी निवळावं इतका वेळ पलीकडं कोणीतरी उभं होतं. मला माफी मागायची होती. अकरा वर्षं शब्द जुळवत होतो. मग फोन बंद झाला.

२००३. सिंहस्थाचं वर्ष. तपोवनात साधूंचे आखाडे यायला लागले होते, मखमलाबाद रस्त्यावर सुद्धा परगावच्या गाड्या, पिण्याचं पाणी मागायला दारात अनोळखी माणसं. पर्वणीच्या दिवसांत शाळा बंद राहणार म्हणून चाचणी लवकर घेतली. खरवडलेला नकाशा पुन्हा दिला. या वेळी मात्र फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दक्षिण टोकाचे खाचर कोरे ठेवा. आयुष्यात पहिल्यांदा. पोरं एकमेकांकडं बघून हसली. पण ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासायला बसलो. पहिला उघडला. दुसरा उघडला. मग घाईघाईनं सगळेच.

अडतीस पोरांनी जवळजवळ एकच लिहिलं होतं.

‘शेवटच्या घरात धाकटा भाऊ राहतो. थोरला बाहेर गेला आहे. धाकट्याने त्याच्यासाठी जागा ठेवली आहे.’

मला भाऊ होता, हे त्या पोरांपैकी एकालाही माहीत नव्हतं. आता कोणालाच नव्हतं. मी चष्मा काढला. टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो. सखुबाई पाणी घेऊन आली आणि ग्लास ठेवून गेली. जागा ठेवली आहे. ज्याला मी जागा नाही म्हणालो, त्यानं ठेवली आहे.

पेपर तसेच टाकून मी घरी निघालो. ऊन पडलं होतं. रिक्षा मिळेना, गर्दीतून जवळजवळ पळतच गेलो. वाटत होतं आज काहीतरी सुटणार.

आई ओसरीवर होती. जेवायची वेळ झालेली. प्रतिभा ऑफिसला गेलेली. आईनं दोन ताटं मांडली होती.

एक पालथं.

“आई!” मी पायरीवरूनच ओरडलो. दोन वर्षांनी ते ताट बघत होतो. “आठवलं ना? आठवलं ना गं तुला?”

तिनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. आणि सावकाश, परका पुरुष दारात आला की घेते तसा, डोक्यावर पदर घेतला.

“कोणाचं ताट आहे, आई?” मी विचारलं.

“खंडूचं,” ती म्हणाली. “माझा थोरला. बाहेर गेलाय. आषाढ सरत आला, येईलच आता.”

आत फोन वाजायला लागला. ती उठली, पदराला हात पुसले, दारात थांबून वळली.

“टेका ना घटकाभर, पाणी आणते. सिंहस्थाला आलात का?”